ट्रॉम्बे, थुंबा व रिसॅट : भारतीय रडार-उपग्रहांच्या उगमाचा कालनिर्णय

१

अवकाशांतून पृथ्वीचें निरीक्षण करण्यासाठीं भारतानें जे रडार-उपग्रह पाठविले, त्यांच्या उगमाविषयीं एक समज अलीकडे इतका रूढ झाला आहे कीं, त्यास आधार काय हें विचारण्याचेंही सहसा कोणास सुचत नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं समुद्रमार्गानें आलेल्या सशस्त्र टोळीनें मुंबईवर हल्ला केला. त्यामुळें किनाऱ्यावर अहोरात्र लक्ष ठेवणाऱ्या दृष्टीची उणीव सर्वांस जाणवली. आणि पुरते पांच महिने लोटण्यापूर्वींच, २० एप्रिल २००९ रोजीं, रिसॅट-२ हा रडार-उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला. सबब भारताचे रडार-उपग्रह हें त्या हल्ल्याचें अपत्य होय, असा हा समज आहे. यांतील तिन्ही विधानें सुटीं घेतलीं तर खरीं आहेत. त्यांवरून काढलेलें अनुमान मात्र खरें नाहीं, असें आमचें मत असून तें साधार मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा वाद केवळ तारखांचा नाहीं. एखाद्या साधनाचा जन्म संकटांत झाला असें मानलें, म्हणजे तें साधन पहारेकऱ्याचें ठरतें, आणि पहारेकऱ्याच्या वस्तूस इतरांनीं हात लावूं नये हें ओघानेंच येतें. तोच जन्म दीर्घकालीन संशोधनांत झाला असें ठरल्यास पूरग्रस्त, शेतकरी, कोळी आणि इतिहासाभ्यासक या सर्वांचा त्या साधनावर कांहीं हक्क पोंचतो. म्हणून उगमाचा निर्णय नीट झाला पाहिजे.

२

रडार-उपग्रह म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सामान्य निरीक्षक उपग्रह सूर्यप्रकाशांत उजळलेली भूमि पाहतो. रात्रीं अथवा ढगांच्या आड त्याची दृष्टि कुंठित होते. कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने आकाश बहुधा अभ्राच्छादित असतें, आणि पूर, दरडी व भाताची लावणी हीं सर्व नेमकीं याच दिवसांत येतात. रडार-उपग्रह सूर्यावर अवलंबून राहत नाहीं. तो स्वतःच रेडिओ-लहरी तिरप्या दिशेनें भूमीकडे सोडतो आणि तिच्यावर आपटून परत आलेल्या लहरी टिपतो. या लहरींची लांबी उपग्रहापरत्वें बहुधा सुमारें तीन सेंटिमीटरांपासून चोवीस सेंटिमीटरांपर्यंत असते. ढगांतील सूक्ष्म जलकण त्यांस अडवूं शकत नाहींत.

लहर परत येण्यास किती काळ लागला यावरून अंतर कळतें. तिच्या कंपनसंख्येंत पडलेल्या सूक्ष्म फरकावरून ती उपग्रहाच्या मार्गाच्या पुढील भागांतून आली कीं मागील, हें कळतें. लहान अँटेनेनें स्पष्ट चित्र मिळत नाहीं. परंतु उपग्रह पुढें सरकत असतां ठिकठिकाणांहून मिळालेले पडसाद गणितानें एकत्र केले, म्हणजे जणूं कित्येक किलोमीटर लांबीच्या अँटेनेनें पाहिल्यासारखें चित्र सिद्ध होतें. ही युक्ति अमेरिकेंत कार्ल वायली यानें १९५१ मध्यें शोधून काढली. तिचा उपयोग करणारा पहिला नागरी उपग्रह सीसॅट हा २७ जून १९७८ रोजीं उडाला आणि साडेतीन महिन्यांच्या आंतच विद्युत्-बिघाडानें बंद पडला. तथापि तेवढ्या अवधींत त्यानें या पद्धतीची योग्यता सिद्ध केली. पुढें १७ जुलै १९९१ रोजीं युरोपचा ईआरएस-१ उडाला, आणि अवकाशांतील रडार हें रोजच्या उपयोगाचें साधन झालें.

३

आतां स्थलाकडे वळूं. ट्रॉम्बे हा मूळ तुर्भें या नांवाचा परकीयांच्या तोंडीं झालेला उच्चार होय. खाडीपलीकडे नव्या मुंबईंत जें तुर्भें आहे तें वेगळें. हें एके काळीं साष्टीच्या आग्नेय अंगास खाड्या व खाजणें यांनीं तुटलेलें बेट होतें. त्यावरील सुमारें एक हजार फूट उंचीची टेकडी बंदरांत शिरणाऱ्या खलाशांस दुरून दिसे, व ते तिला तिच्या आकारावरून ‘नीट्स टंग’ म्हणजे बैलाची जीभ म्हणत. १७३७ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली. या सर्व घालमेलींत ट्रॉम्बेचें भवितव्य साष्टीशींच बांधलेलें होतें.

विसाव्या शतकाच्या मध्यास या बेटाचें रूप पालटलें. १९५४ व १९५५ या दोन वर्षांत तेथें तेलशुद्धीचे दोन कारखाने सुरू झाले. त्यांच्या मागोमाग टाटांचें वीजघर आलें. याच काळांत डॉ. होमी भाभा यांनीं टेकडीच्या पायथ्याशीं अणुशक्ति-संस्थेची उभारणी आरंभिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथील अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली व २० जानेवारी १९५७ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें संस्थेचें रीतसर उद्घाटन झालें. भाभांच्या निधनानंतर १९६७ मध्यें तिला त्यांचें नांव देण्यांत आलें.

अणुभट्टीचा आणि रडार-उपग्रहाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला कारभाराचा. अवकाशसंशोधन हा विषय १९६१ मध्यें सरकारनें अणुशक्ति खात्याकडेच सोंपविला. १९६२ च्या फेब्रुवारींत डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखालीं जी राष्ट्रीय समिति झाली ती याच खात्याच्या आश्रयानें. १५ ऑगस्ट १९६९ रोजीं इस्रो स्थापन झाली तीही याच खात्याखालीं. स्वतंत्र अवकाश खातें निर्माण झालें तें १९७२ मध्यें. म्हणजे पहिलीं दहा वर्षें हें कार्य ट्रॉम्बेच्याच कुटुंबांत वाढलें.

दुसरा संबंध माणसांचा असून आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा आहे. केरळांत थुंबा येथें अग्निबाण उडविण्याचें ठरलें, तेव्हां अग्निबाणाचा माग काढणारीं व त्याचे संदेश टिपणारीं माणसें देशांत तयार नव्हतीं. ट्रॉम्बेस अणुभट्टीच्या नियंत्रण-विभागांत काम करणारे तरुण अभियंते आर. अरवमुदन यांची त्या कामीं निवड झाली व त्यांस अमेरिकेंत नासा संस्थेकडे शिक्षणासाठीं पाठविण्यांत आलें. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. पुढें तेथें फ्रान्सकडून मिळालेलें कोटाल नांवाचें माग काढणारें रडार बसविलें गेलें, आणि माग काढण्याच्या व संदेशग्रहणाच्या विद्येची येथें परंपरा सुरू झाली. हेच अरवमुदन पुढें श्रीहरिकोटा केंद्राचे व त्यानंतर बंगळूरच्या इस्रो उपग्रह केंद्राचे संचालक झाले.

येथें एक मर्यादा स्पष्टपणें सांगितली पाहिजे. माग काढणारें रडार आणि चित्र काढणारें रडार हीं एक नव्हेत. पहिलें एका वस्तूचें अंतर व दिशा सांगतें. दुसरें भूमीच्या प्रत्येक ठिपक्याचा पडसाद वेगळा करतें. थुंब्याच्या यंत्रापासून रिसॅटचें यंत्र निघालें, असें आम्ही म्हणत नाहीं. अतिशय क्षीण असा परतीचा संकेत गोंगाटांतून निवडून काढणें, त्याचा काळ अचूक मोजणें आणि मोजमापाची नोंद काटेकोर ठेवणें, ही जी विद्या दोहोंस समान आहे तिचे संस्कार ट्रॉम्बे-थुंबा मार्गानें आले, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

४

चित्र काढणाऱ्या रडारची विद्या वाढली ती अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्रांत. ७ जून १९७९ रोजीं सोव्हिएत रशियांतून उडालेल्या भास्कर-१ या उपग्रहांत समीर नांवाचें सूक्ष्मलहरी मोजणारें उपकरण होतें. तें स्वतः लहरी सोडीत नसे; समुद्र व वातावरण यांतून निसर्गतःच निघणाऱ्या लहरी मोजीत असे. २० नोव्हेंबर १९८१ रोजीं भास्कर-२ वरही तसेंच उपकरण गेलें. म्हणजे सूक्ष्मलहरींनीं पृथ्वीकडे पाहण्याचा भारताचा पहिला प्रयत्न मुंबईवरील हल्ल्याच्या २९ वर्षें आधींचा आहे. त्यानंतर याच केंद्रांत विमानांत बसवावयाचीं, बाजूस पाहणारीं रडार-यंत्रें तयार झालीं व उपग्रहावर रडार चढण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्यांचीं उड्डाणें झालीं. इंडियन रिमोट सेन्सिंग मालेंतील पहिला उपग्रह १७ मार्च १९८८ रोजीं उडाला. तो दृश्यप्रकाशाचा होता. पावसाळ्यांत ही माला आंधळी होते, हें तज्ज्ञांस तेव्हांच ठाऊक होतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून उपनगरें जलमय झालीं, तेव्हां तें सामान्य माणसासही समजावें अशा रीतीनें सिद्ध झालें. कारण अशा वेळीं ढगांच्या छताखालीं पाणी कोठवर पसरलें आहे हें दृश्यप्रकाशाच्या उपग्रहास दिसणें शक्यच नसतें.

५

वाचकांच्या सोयीसाठीं भारताच्या रडार-उपग्रहांची शकावली येथें देतों.

२० एप्रिल २००९ : रिसॅट-२. वजन सुमारें ३०० किलो. रडार-यंत्र इस्रायली बनावटीचें, लहरींची लांबी सुमारें तीन सेंटिमीटर.

२६ एप्रिल २०१२ : रिसॅट-१. वजन १,८५८ किलो. रडार-यंत्र अहमदाबाद केंद्राचें, लहरींची लांबी सुमारें साडेपांच सेंटिमीटर. प्रकल्प-संचालिका एन. वलरमती.

२२ मे २०१९ : रिसॅट-२बी. वजन ६१५ किलो.

११ डिसेंबर २०१९ : रिसॅट-२बीआर१. वजन ६२८ किलो.

७ नोव्हेंबर २०२० : ईओएस-०१.

१४ फेब्रुवारी २०२२ : ईओएस-०४, मूळ नांव रिसॅट-१ए. वजन १,७१० किलो.

१८ मे २०२५ : ईओएस-०९, मूळ नांव रिसॅट-१बी. पीएसएलव्ही वाहनाच्या तिसऱ्या टप्प्यांत बिघाड होऊन उपग्रह गमावला.

३० जुलै २०२५ : निसार. अमेरिकेची नासा व इस्रो यांचा संयुक्त उपग्रह. वजन सुमारें २,३९० किलो.

या शकावलींत अंकक्रम व कालक्रम जुळत नाहींत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. रिसॅट-२ आधीं उडाला आणि रिसॅट-१ त्यानंतर तीन वर्षांनीं. ही विसंगति म्हणजे आमच्या पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आहे, आणि तो खुद्द नांवांतच दडलेला आहे. २००९ मध्यें उडणाऱ्या उपग्रहास ‘दुसरा’ म्हटलें गेलें, तें ‘पहिला’ हें नांव आधींच दिलेलें होतें म्हणूनच. रिसॅट-१ चें काम दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत, म्हणजे २००२ ते २००७ या अवधींत, हातीं घेतलें गेलें होतें. हल्ला झाला त्या दिवशीं हा ज्येष्ठ बंधु गर्भावस्थेंत होता.

दुसरा पुरावा २१ जानेवारी २००८ चा. त्या दिवशीं श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही वाहनानें टेकसार हा इस्रायलचा रडार-उपग्रह कक्षेंत सोडला. रिसॅट-२ याच जातीचा. इस्रायली रडार-उपग्रहाशीं भारतीय शास्त्रज्ञांचा प्रत्यक्ष परिचय हल्ल्यापूर्वीं दहा महिने झालेला होता, हें यावरून निर्विवाद ठरतें.

तिसरा पुरावा अनुमानाचा आहे. उपग्रहाची आखणी, घडण, निर्वात कोठींतील परीक्षा व वाहनाशीं जुळणी हीं कामें शून्यांतून आरंभून १४५ दिवसांत होत नसतात. नोव्हेंबरांत इच्छा झाली आणि एप्रिलांत उपग्रह उडाला, याचा अर्थ एवढाच कीं, घेण्यासारखी वस्तु तयार होती व ती घेऊन वापरण्यास लायक अशीं माणसेंही तयार होतीं.

६

मग २००८ च्या हल्ल्याचा यांत कांहींच भाग नाहीं काय? तसें म्हणणें हा दुसऱ्या टोकाचा दुराग्रह होईल. क्रम उलटला तो त्या हल्ल्यानंतरच. रिसॅट-१ चें स्वदेशी यंत्र तयार होण्यास अवकाश होता. तेवढा काळ थांबणें परवडणारें नव्हतें, म्हणून लहान उपग्रह आधीं सोडला गेला. त्याची कक्षाही बोलकी आहे. रिसॅट-१ ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेंत फिरे व सर्व पृथ्वी पाही. रिसॅट-२ ची कक्षा विषुववृत्ताशीं केवळ ४१ अंशांचा कोन करणारी, म्हणजे आपल्या अक्षांशांवर वारंवार येणारी होती. रिसॅट-२बी व रिसॅट-२बीआर१ यांचा कोन ३७ अंशांचा आहे. सारांश, घराण्याच्या दोन शाखा झाल्या : एक सर्वत्र पाहणारी, शेती, पूर, वनें व भूमि यांची, दुसरी विशिष्ट टापूंवर पुनःपुन्हां नजर टाकणारी, जिच्यांत पहाऱ्याचें काम प्रधान मानलें जातें. हल्ल्यानें दुसरी शाखा पुढें आणली. मूळ वृक्ष त्यानें लावला नाहीं.

७

हा भेद व्यवहारांत कसा जाणवतो तें ट्रॉम्बेच्याच उदाहरणानें दाखवितां येईल. युरोपचा सेंटिनल-१ए हा रडार-उपग्रह ३ एप्रिल २०१४ रोजीं उडाला. त्याचीं चित्रें कोणासही विनामूल्य मिळतात, आणि निसारच्या मापनाविषयींही धोरण तेंच आहे. दुसऱ्या शाखेच्या उपग्रहांचीं चित्रें मात्र अशीं सर्वांसाठीं खुलीं नसतात. ज्या अणुशक्ति-संस्थेच्या कुंपणाआंत सामान्य माणसास पाऊल टाकतां येत नाहीं, तिच्या भोंवतींच्या खाडीचें रडार-चित्र ट्रॉम्बे कोळीवाड्यांतील एखादा विद्यार्थी घरीं बसून पाहूं शकतो, तें पहिल्या शाखेच्या कृपेनें.

त्या चित्रांत काय दिसतें? शांत पाणी लहरी आरशाप्रमाणें पलीकडे परतवितें, म्हणून खाडी काळी दिसते. तेलाच्या टांक्या, पीरपावचे धक्के, नांगरलेलीं जहाजें यांच्या उभ्या बाजू व खालची सपाटी मिळून कोनाडा होतो. त्यांत शिरलेली लहर थेट उपग्रहाकडे परत येते, म्हणून हीं तेजस्वी ठिपक्यांसारखीं दिसतात. १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडलेला शिवडी-न्हावा पूल काळ्या पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा उमटतो. तिवरांच्या पानाफांद्यांत लहरी विखुरतात, त्यामुळें तीं मध्यम उजळ दिसतात. निसारच्या चोवीस सेंटिमीटरांच्या लहरी पानांतून आंत शिरतात. भरतीच्या वेळीं खोडांखालीं पाणी असेल, तर पाणी व खोड यांवर दोनदां आपटून त्या जोरानें परततात.

परंतु कागदपत्राप्रमाणेंच या साक्षीदाराचीही उलटतपासणी केली पाहिजे. ट्रॉम्बेची टेकडी अशा चित्रांत उपग्रहाच्या दिशेस झुकलेली दिसते. शिखर पायथ्यापेक्षां उपग्रहास जवळचें असल्यामुळें त्याचा पडसाद आधीं पोंचतो, म्हणून हा भास होतो. त्याहून घातक चूक किनाऱ्याविषयीं होते. मुंबईच्या समुद्राचें पाणी उधाणाच्या दिवशीं चार-पांच मीटर चढतें-उतरतें. एक चित्र ओहोटीचें व दुसरें भरतीचें घेऊन त्यांची तुलना केली, तर बुजविलेलें खाजण पाण्याखालीं गेल्याचें किंवा उघडें चिखलाण नव्यानें भर घातल्याचें सहज ‘सिद्ध’ करतां येईल. ज्याची उपजीविका त्या चिखलाणावर आहे, त्याच्या दृष्टीनें ही चूक क्षुल्लक नव्हे. म्हणून चित्राबरोबर त्याची तारीख, वेळ, लहरींची लांबी, पाहण्याची दिशा आणि त्या क्षणींची भरती-ओहोटी हीं पांच कलमें नोंदल्याविना तें पुरावा म्हणून स्वीकारूं नये, असा नियम आम्ही सुचवितों.

हा नियम पाळला असतां या साधनाची योग्यता मोठी आहे. एकाच जागेवरून घेतलेल्या दोन चित्रांतील लहरींच्या कलांची तुलना करून भूमि कांहीं मिलिमीटर खचली तरी तें मोजतां येतें. निसार दर बारा दिवसांनीं त्याच मार्गावर परत येतो. त्याचा बारा मीटर व्यासाचा अँटेना ऑगस्ट २०२५ मध्यें अवकाशांत उलगडला. ट्रॉम्बेभोंवतीं भर घालून तयार केलेली जमीन खचते कीं स्थिर राहते, या प्रश्नाचें उत्तर जुन्या नकाशांत नाहीं, गॅझेटियरांत नाहीं, तें अशा मापनांच्या मालिकेंतूनच मिळेल.

८

यावरून निर्णय असा निघतो. भारताच्या रडार-उपग्रहांचा उगम २००८ च्या संकटांत नाहीं. त्याचीं मुळें १९६२ पासूनच्या ट्रॉम्बे-थुंबा परंपरेंत, खोड १९७९ पासूनच्या अहमदाबादच्या कामांत, आणि पहिला धुमारा हल्ल्यापूर्वींच हातीं घेतलेल्या रिसॅट-१ मध्यें आहे. हल्ल्यानें कालक्रम बदलला; वंश बदलला नाहीं.

आतां एक विनंति. रिसॅट-१ चें काम थांबलें आहे. रिसॅट-२ हा ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं वातावरणांत शिरून नष्ट झाला. यंत्रें गेलीं, तरी त्यांनीं टिपलेले पडसाद मागें उरतात. विमानांतील जुन्या रडार-उड्डाणांच्या फिती, त्यांसोबतच्या हस्तलिखित नोंदी, ट्रॉम्बे व थुंबा येथील आरंभींच्या कामाचीं टिपणें हीं इतिहासाचीं साधनें आहेत. वाळवी मोडी दफ्तरें खाते हें आपण जाणतों. फितीवरील लोहकण झडतात आणि ती वाचणारें यंत्र मोडींत निघतें, म्हणजे तीच वाळवी दुसऱ्या रूपानें लागली असें समजावें. ज्यांच्या ताब्यांत हीं साधनें आहेत त्यांनीं त्यांची यादी करून ती प्रसिद्ध करावी. २०१२ सालच्या पावसाळ्यांत ट्रॉम्बेचीं खाजणें कोठपर्यंत होतीं, हें आणखी पन्नास वर्षांनीं कोणी विचारील, तेव्हां उत्तर देण्यास तीच यादी उपयोगी पडेल.